नागनाथ कासार आणि भागीरथी

मंडळी, आधी मला एवढं सांगा — ज्याच्या घरात कशालाच तोटा नाही, त्याच्या घशाखाली घास का उतरत नसावा? शेजारच्याकडं बघू नका हो, इकडं बघा!

बार्शीला एक नागनाथ कासार होता. बायको भागीरथी. बांगड्यांची पेटी घेऊन दोघं गावोगावचे बाजार करायचे. पुढं तो, मागं ती — आणि वाटभर बोलणं! कुठल्या बाईनं घासाघीस केली, कुणाच्या हातात बांगडी चढेना... भागीरथी एकेकीची अशी नक्कल करायची, की हा रस्त्यात पोट धरून बसायचा!

मग देवानं हात दिला. दुकान झालं, पेठेत नाव झालं, माडीचं घर झालं. वाईट झालं का? मुळीच नाही! संपत्तीला मी नावं ठेवणार नाही. तुम्ही दिलेली बिदागी मी कधी परत केलीये का? — हं, हसा! — पण नागनाथाचा झाला नागनाथशेठ. पहाटे बाहेर, दिवेलागणीनंतर घरी. जेवण माडीवर, एकट्याचं. चांदीचं ताट — आणि जेवणाला चव नाही! स्वयंपाकीण बदलली — चव नाही. वैद्याची चूर्णं घेतली — चव नाही!

एकदा अंगात कणकण होती, म्हणून शेठ दुपारीच घरी आले. भागीरथी ओसरीवर पाठमोरी, तांदूळ निवडत बसलेली.

"भागी, पाणी दे गं."

ती हललीच नाही.

"अगं, पाणी! बहिरी झालीस काय?"

आतून स्वयंपाकाची सोनाक्का धावत आली. "मालक... ओरडू नका. बाईंना संक्रांतीपासून ऐकू येत नाही."

मंडळी, तेव्हा श्रावण चालू होता — श्रावण! सोलापूरच्या बाजारात काय चाललंय ते या माणसाला ठाऊक. आणि स्वतःच्या ओसरीवर काय झालं, त्याचा पत्ता नाही!

शेठ तिच्यासमोर मटकन बसले. खुणेनं विचारलं — मला का नाही सांगितलंस?

ती शांतपणे म्हणाली, "वाट बघत होते हो. म्हटलं, तुम्ही काहीतरी विचाराल, मला उत्तर देता यायचं नाही, मग तुम्हाला आपोआप कळेल."



शेठनी तिला पुण्याला नेलं, मुंबईला नेलं. मोठमोठ्या डॉक्टरांपुढं हात जोडले — "काय हवं ते घ्या, पण माझा आवाज हिला ऐकू येऊ द्या!" सगळ्यांनी माना हलवल्या.

परतताना स्टेशनच्या बाकावर शेठ लहान मुलासारखे रडले. भागीरथीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. म्हणाली, "असं काय करता? ओठांकडं बघून मला पुष्कळ कळतं. सोनाक्काचं तर सगळं कळतं. तुमचंच तेवढं कळत नाही. या मिशांनी ओठ झाकलेत ना!"

आणि मिशा काय होत्या, महाराज! झुपकेदार, पीळदार — पेठेतली पोरंसोरं त्या बघून वाट सोडायची!

दुसऱ्या दिवशी शेठनी न्हाव्याला बोलावलं. "काढ!" न्हाव्याचा हात धजेना. "शेठ, मिशा?" — "काढ म्हणतो ना!"

मग ओसरीवर तिच्यासमोर ताट घेऊन बसले. सावकाश, एकेक शब्द तोंडभर उच्चारत म्हणाले, "भागी... त्या बाजारात... ती जाडी बाई... हातात बांगडी चढेना... आठवते?"

भागीरथी ओठांकडं बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उजळला. तिनं हात आखडून, गाल फुगवून त्या बाईची नक्कल केली — आणि शेठ असे हसले, की घास हातातच राहिला! सोनाक्का दाराआड डोळे टिपत होती.

संध्याकाळी पेठेत कालवा! मिशा काढलेल्या बघून एकानं दबक्या आवाजात विचारलं, "शेठ... घरातलं कोण गेलं हो?"

शेठ म्हणाले, "मीच गेलो होतो बाबा. आज परत आलोय."

मायबापहो, तुमच्या घरातलं माणूसही वाट बघत असेल. त्याचे कान शाबूत आहेत, तुमचा आवाज शाबूत आहे. देवाचं नाव आपण आत्ता घेऊच. पण घरी गेल्यावर दारातूनच त्या माणसाला एक हाक मारा. पाणी नको, चहा नको, काही काम नको — नुसती हाक मारा!