पांढरी राहिलेली गल्ली

“नळाचं पाणी उकळून पाज गं पोरीला,” असं थोरल्या जाऊबाई परवा म्हणाल्या होत्या, तेव्हा धाकटीने ते हसण्यावारी नेलं. तसं काही असतं तर मोबाइलवर आलं नसतं का? आता तापाने फणफणलेली लेक मांडीवर घेऊन ती दवाखान्यात नंबरची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारे बातमीदार आणि मोबाइलवर बातम्यांचं पान चालवणारी त्यांची पुतणी बसली होती.

“काका, बघा तरी! नऊला पानावर विचारलं, पाणी गढूळ येतंय का? साडेदहापर्यंत दोनशे फोटो! फोटो आला की नकाशावर ती गल्ली लाल; गल्ल्यांमागून गल्ल्या लाल झाल्या!”

“भले! आमच्या पेपरात हे उद्या सकाळी आलं असतं.”

“आणि तोवर लोक ते पाणी पिऊन बसले असते. आता अख्खं गावच बातमीदार झालंय, काका!”

“झालंय खरं. पण ही शाळेमागची गल्ली पांढरी कशी?”

“तिथं चांगलं येत असेल.”

“टाकी एकच ना, शहाणे? तिथं सगळे माझ्यासारखे म्हातारे, साध्या फोनवाले. फोटो कोण पाठवणार? जिथून बातमी येत नसे, तिकडेच आम्ही आधी सायकल दामटायचो.”

“अगंबाई! उठा मग, स्कूटर खालीच आहे!”

“आणि माझा खोकला?”

“हेल्मेटमध्ये खोका!”

नंबर सोडून दोघं पळालेच. मोबाइलच्या आधी जाऊबाईंनीच बातमी दिली होती, हे लेकीच्या आईला आता उमगलं.

तुमच्याही गल्लीत साध्या फोनवालं कुणी एकटं राहत असेल. हे वाचून झालं की त्यांचं दार वाजवा. सकाळपासून नळाचं पाणी प्यायलात का, एवढंच विचारा.