तारीख मागे केली की

दुरुस्तीच्या दुकानात बाकावर मोबाइल घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंचे कान काउंटरशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. मेकॅनिक त्यांचा लॅपटॉप तपासत होता.

"काका, सगळ्याच साइटवर ही धोक्याची सूचना येते?"

"सगळ्याच. बँक, लॅब, सगळे एकजात चोर झालेत."

"चोर कोणी नाही. तुमच्या लॅपटॉपवर तारीखच दोन वर्षं मागची आहे. साइटचं प्रमाणपत्र नंतरचं, म्हणून याला ते खोटं वाटतं."

"तारीख मीच मागे केलीय. फोटो सजवायचा प्रोग्राम फुकटात तीसच दिवस चालतो. तारीख मागे केली की परत सुरू."

"कधी केलीत?"

"झाला की महिना."

"लॅबची रिपोर्टची लिंक आली तेव्हा मी म्हटलं होतं, उघडून बघा," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, फसवणूक आहे, हात लावू नकोस. फोनसुद्धा करू दिला नाही."

"अगं, सूचनाच तशी येत होती."

"झाली तारीख नीट. लॅबची साइट उघडलीय. काकू, रिपोर्ट तुमच्या नावाचा आहे."

"वाचा."

"तुम्ही घरी जाऊन..."

"वाचा म्हटलं ना."

"गाठ संशयास्पद. आठ दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे."

"कधीचा आहे?"

"पंचवीस दिवसांपूर्वीचा."

"अगं, आत्ताच्या आत्ता जाऊ. रिक्षा बघतो."

शिंपीणबाईंनी सरकून काकूंना बाकावर जागा करून दिली.

"काकू, आणखी काही करायचंय यात?"

"तारीख महिनाभर मागे करून द्या. नाही जमलं तर यांना विचारा, यांना येतं."