तेरच्या देवळाला दिलेला चुना

चहा निवतोय, घे आधी, मग सांगते. निजामाचं राज्य होतं, मी तेरला नवी नवरी. विटांच्या जुन्या देवळाच्या डागडुजीला सरकार मदत देणार, म्हणून हैदराबादचा साहेब बघायला यायचा होता.

मामंजी म्हणाले, “पाव्हणा येणार आन देऊळ असं मळकं?”

झालं! आमी साऱ्या बायांनी देऊळ चुन्यानं पांढरंफेक केलं.

साहेबानं कपाळाला हात लावला. “मदत जुन्या देवळाला आहे. हे तर नवं दिसतंय!”

मामंजी म्हणाले, “थांबा की सायेब. दोन पावसाळे जाऊ द्या, हुतंय जुनं.”

साहेब लई हसला. मदत आली, ती सगळी चुना खरवडण्यातच गेली.

आता मामंजी न्हाईत, ते राज्यबी न्हाय. विटांच्या सांदीत मात्र चुना अजून हाय. तिथं सरकारी माणसांची खरवडणी पोचली न्हाय, माझा कुंचा पोचला होता.