झडपेपाशी

– नाही हो, तुमच्यावर कशाला राग धरू? तुम्ही मशीनवाले. कुणी म्हटलं इथं खोदा, की तुम्ही खोदणार. बसा त्या पायरीवर. पाणी घ्या. बुटांचा चिखल राहू द्या, घरभर तोच आहे, तुमच्या बुटांनी अशी काय भर पडणार – फक्त जरा हळू बोला, हे आत पडलेत. झोपलेत असं नाही म्हणवत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, पूर ओसरल्यापासून हे असंच. तर काय म्हणत होतात – थोरल्यांनी पाठवलं? आमच्या दिरांनी? धाकट्याच्या शेतातला गाळ काढून दे म्हणाले? बरं. सुचलं म्हणायचं एकदाचं.

येताना पाहिलात ना गाळ? त्याच्याखाली आमचा कोबी आहे. हा वास येतोय ना, तो त्याचाच. दारं लावली तरी येतो, कपड्यांना येतो, उशीलासुद्धा येतो. गड्डे धरायला लागले होते हो. रोज सकाळी हे एखादा गड्डा दाबून बघायचे आणि मला सांगायचे, अजून नाही – जसं काही मी सुरी घेऊनच उभी होते. आता मीच जाते सकाळची. काय बघायला जाते, देव जाणे. उभी राहते आणि परत येते.

तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते. हा मोठा चर आहे ना, थोरल्यांच्या शेतातून आमच्या कडेनं नदीला जातो तो – त्याच्या तोंडाशी एक लोखंडी झडप आहे. नदी चढली की झडप मिटते, नदी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडते. एवढंच तिचं काम. सासरे होते तोवर पावसाळ्याआधी सगळे मिळून चर उपसायचे, आणि तोही खालून वर. आधी झडप, मग आमचं शेत, मग थोरल्यांचं, मग त्यांच्या वरचे. खालच्यानं ‘झालं’ म्हणून हाक दिल्याशिवाय वरचा फावडं लावायचा नाही. का? अहो, वरून सुरुवात केली तर सगळी घाण खालच्याच्या गळ्यात, दुसरं काय. भांडणं तेव्हाही व्हायची, नाही असं नाही, पण ती कुणाचं फावडं कुणी पळवलं यावरून. मग चर पाटबंधारे खात्याकडे गेला. त्यांनी झडपेभोवती पिंजरा बसवला, कुलूप ठोकलं, आणि सगळ्यांनी हात झटकले – आता ते बघतील. त्यांनी काय बघितलं? बिजागऱ्या गंजल्या. पिंजऱ्यात फांद्या अडकल्या, पिशव्या अडकल्या. किल्ली मागायला गेलं की म्हणायचे, ती बदली होऊन गेलेल्या साहेबांकडे राहिली. साहेब गेला, किल्ली गेली, पाणी मात्र कुठं जायला तयार नाही.

यंदा नदी चढली तशी उतरलीही. पण झडप उघडेना. नदी खाली आणि आमची शेतं म्हणजे तळं. तरी आमच्यात घोटाभरच होतं, कोबी तग धरून होता – थोरल्यांकडं जास्त साचलं होतं. हे पहार घेऊन निघाले, कुलूप तोडतो म्हणाले, झडप उघडतो, अंधार पडायच्या आत पाणी वाहतं करतो. थोरल्यांना निरोपही धाडला, तोवर दोन्ही शेतांमधला बांध फोडू नका. आणि थोरल्यांनी – त्यांची रोपं बुडत होती, मला कळतं हो, माणूस घाबरतो – त्यांनी तुम्हाला बोलावलं आणि बांध फोडला. सगळं पाणी, सगळा गाळ एका लोंढ्यात आमच्यावर. मी या दारात उभी होते. हिरवं होतं ते तपकिरी झालं, बस. आणि मग झडप उघडली. उघडली हो, ह्यांनी उघडली. तासाभराचा फरक असेल. चर असा धडाधडा वाहायला लागला, आणि हे चिखलानं माखून वर आले, शेताकडे बघत राहिले. मीच घाईनं म्हटलं, पाण्याच्या जोरानं बांध आपोआप फुटला. हे म्हणाले, बरं.

खोटं बोलले मी. तुमच्या मशीनचे दात उमटले होते बांधावर, तेही मी फावड्यानं सारखे केले. का म्हणून काय विचारता – दोघंच तर भाऊ. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना थोरल्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं. त्यांच्या ताटातलं खाऊन हे मोठे झाले. पीक काय, पुन्हा लावू. पण भावानं केलं हे कळलं तर हे त्या खाटेवरून उठायचे नाहीत, मला ठाऊक आहे ना. म्हणून तुम्हाला सांगते, गाळ काढा खुशाल, पण बांधाचं ह्यांच्यापुढं चुकूनही काढू नका. आणि थोरल्यांना म्हणावं, धाकटीनं अजून काही –

अहो. तुम्ही कधी उठलात? – काही नाही, हे मशीनवाले भाऊ आलेत, गाळाचं विचारायला... काय? कसला आवाज? झडपेपाशी? – मशीनचा आवाज तिथवर येत होता? म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग हाक का नाही मारलीत? तुमच्या एका हाकेनं थांबले असते ते, दुसऱ्या कुणाचं नाही ऐकत, तुमचं ऐकतात – काय म्हणालात? पुन्हा म्हणा. ‘एकाचं तरी वाचू दे.’ असं वाटलं तुम्हाला. वाटलं, आणि गप्प राहिलात.

आणि मी कोण हो? तो कोबी लावायला मीही वाकले होते ना तुमच्या बरोबरीनं? इतके दिवस मी इथं तुमच्या जिवाला जपत, चोरासारखी – आणि तुम्ही मला एका शब्दानं...

बोला ना.

– भाऊ, पाणी झालं ना तुमचं? पेला राहू द्या तिथंच. नाही, आज नको. उद्याचंही काही सांगू नका थोरल्यांना. तुम्ही निघा.