न पाहिलेलं पान

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. समोरचा काय करणार हे समोरच्यालाच ठाऊक नसेल, तर त्याला जिंकायचं कसं? हसू नका. प्रत्येक घरात असा एक असतो. काहींच्या तर आत्ता शेजारीच बसलाय!

तर ऐका. वाईचे अच्युतराव. मुलगी मंदाकिनी, तिचा पहिला दिवाळसण. जावईबापू आले, व्याही दामोदरपंत आले. पाडव्याचं जेवण झालं आणि तीन पत्तीचा डाव मांडला. पैसे नाहीत हो — चिंचोके! श्रीखंडामुळे जावईबापू पहिल्याच डावात आडवे. उरले दोघे व्याही.

दामोदरपंत म्हणाले, "नुसते चिंचोके काय खेळायचे? मी जिंकलो तर भाऊबीज झाली की सूनबाईला घेऊन जातो. तुम्ही जिंकलात तर राहू दे तुळशीच्या लग्नापर्यंत."

अच्युतराव सरसावून बसले. पोर चार दिवस घरात असावी, एवढीच बापाची आस. पण गडी हुशार! कोर्टात बेलिफ म्हणून, दारोदार समन्स बजावण्यात जन्म गेलेला. तोंड बघून माणसाच्या मनातलं ओळखायचे.

आणि इथंच फसले! पंत कधी हसत चिंचोके लावायचे, कधी जांभई देत. अच्युतरावांनी हूल दिली, हातात काही नसताना मोठा ढीग सरकवला. आता पंतांनी घाबरून पानं टाकावीत की नाही? छे — "मीही लावतो!" चिंचोके निघाले की हो पंतांच्या घरी!

चकल्या ठेवता ठेवता मंदाकिनीची आई इंदूताई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "अहो, तोंड काय बघताय त्यांचं? त्यांनी पानं उचललेलीच नाहीत. तोंडावर दिसणार काय?"

आलं ध्यानात? पंत न बघताच लावत होते. खेळणारे याला ब्लाइंड म्हणतात — मान हलवू नका, कोण कोण खेळतं ते कळतंय मला! ज्याला आपलं पान वाईट आहे हेच माहीत नाही, तो हुलीला भिणार कसा?

अच्युतरावांनी हूल देणं सोडलं. वाईट पानं आली की टाकायची, चांगली आली की गुपचूप लावत राहायचं. हळूहळू चिंचोके परतले. शेवटी एक्क्यांची जोडी आली. पंतांनी होते नव्हते ते सगळे लावले आणि म्हणाले, "दाखवा." स्वतःची पानं उलटली — राजा, सत्ती, दुर्री!

"राहिली माझी पोर!" अच्युतरावांचे डोळे भरून आले.

मंदाकिनी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मला परवाच जायचंय. बालवाडीत नोकरीची मुलाखत आहे."

"आम्हाला कसं माहीत नाही?" दोघे व्याही एकदमच म्हणाले.

"सासूबाईंना माहीत आहे. त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मामंजींनी तीनच पानं पाहिली नव्हती, बाबा. माझं पान तर तुम्ही दोघांनीही पाहिलं नाही."

मंडळी, टाळ खाली ठेवतो. घरी जाल, ताटावर बसाल. समोर वाढणारी असेल, शेजारी जेवणारा असेल. त्यांच्या वतीनं किती डाव लावलेत आजवर? आज जेवायच्या आधी एकदा विचारा — "तुला काय हवंय गं?"