मोठी आई आणि मोहाखालचं अस्वल

तुम्ही हिरोंच्या गोष्टी सांगताय, तर आता माझ्या मोठ्या आईची ऐका. मोठी आई म्हणजे बाबांची वहिनी, नवेगाव बांधला राहते. गोंदियाच्या बाजारात रस्ता ओलांडायचा असला की अजूनही माझा दंड घट्ट धरते.

मागच्या उन्हाळ्यात सकाळी आम्ही दोघी मोहफुलं वेचायला जंगलात गेलो. मी खाली वाकले होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "उभी राय. धावू नोको."

मान वर केली, तर पलीकडच्या झाडाखाली अस्वल! मोठी आई टोपली पोटाशी धरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि चक्क अस्वलाशी बोलायला लागली.

"खाय बापा, खाय. तुयाच जंगलातले मोहं हायेत. आमी जाऊनच रायलो."

बोलता बोलता ती एकेक पाऊल मागे घेत होती आणि पाठीनं मलाही मागे ढकलत होती. अस्वलानं आमच्याकडे बघून नाक फेंदारलं, मग पुन्हा फुलांत तोंड घातलं.

रस्त्यावर पोचल्यावर मोठी आई मटकन खाली बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "तुले भेव नाई लागलं?"

"लागलं ना वं, लगित लागलं! पन तुले मांगं ठेवाचं त कोनालेतरी पुढं उभं राहाच लागते ना."