यंत्राला दिलेला विडा

बसा. मागच्यांनीही बसून घ्या, शाळेचं पटांगण आहे, जागेला तोटा नाही. आणि तो माईक जरा खाली करा रे, मी काही पुढारी नाही, एवढ्या उंचीची.

मंडळी, तुम्ही कामधंदा टाकून आलात. एरंडोलहून आलात, धुळ्याहून आलात. माझ्या रघुनाथसाठी आलात. भाऊ गेल्यावर बहिणीने उभं राहून बोलायचं म्हणजे काय होतं, ते ज्याला भाऊ होता त्यालाच विचारा. सकाळी मी ठरवलं होतं, हात जोडायचे, आभार मानायचे आणि खाली बसायचं. दुसरं काही जमणारच नव्हतं.

पण आत्ता चेअरमनसाहेब बोलले. आपले नथ्थूभाऊ. काय बोलले ते ऐकलंत ना सगळ्यांनी? "रघुनाथच्या हातून पहिल्यांदा यंत्र फुटलं, सोसायटीचं नुकसान झालं, तरी आम्ही मोठ्या मनाने त्याला पुन्हा संधी दिली." मोठ्या मनाने! हे ऐकलं आणि माझं ते आभार मानणं राहिलं बाजूला. आता मी बोलणार आहे. नथ्थूभाऊ, उठू नका. चहा नंतर आहे.

माझ्या भावाच्या नावावर एक डाग आहे. तो जिवंत होता तोवर त्याने मला बोलू दिलं नाही. आता तो अडवायला नाही. तो डाग मी आज पुसून जाणार. मग तुम्ही त्याच्या फोटोला हार घाला नाहीतर घालू नका.

आधी एक सांगते. रघुनाथ देवमाणूस होता, असं इथे तिघांनी सांगितलं. खोटं आहे. मी त्याच्याबरोबर एका घरात जन्म काढला. त्याने लग्न केलं नाही, मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले, आम्ही दोघंच. रघुनाथ तिरसट होता. बढाईखोर होता. भाजीत मीठ कमी असेल तर ताट सरकवायचा आणि स्वतःला चहासुद्धा करता यायचा नाही. कॉलेजात दोन वर्षं काढून आला आणि जन्मभर गावाला इंग्रजी शब्द ऐकवत बसला. तेव्हा देवमाणूस वगैरे राहू द्या. त्याच्या तोंडावर तर तुम्ही त्याला फुंकणीवाला म्हणत होता. म्हणत होता की नाही? आता का माना खाली?

फुंकणीवाला का म्हणायचे, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुष्काळाच्या साली गावच्या विहिरी आटल्या. सोसायटीने धरणाच्या कामावरचं एक जुनं बोअरचं यंत्र उचलून आणलं. एवढं मोठं इंजिन. पण त्याचा टर्बो झिजलेला. टर्बो म्हणजे काय? इंजिनाचा धूर बाहेर जातो, त्याच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते इंजिनात हवा कोंबतं. चुलीला आपण फुंकणीने हवा देतो, तसंच. ती फुंकणी गेली होती. दांडा खिळखिळा झालेला, निळा धूर निघायचा आणि दगड लागला की इंजिन धापा टाकायचं. धुळ्याच्या वर्कशॉपवाल्याने हात वर केले. म्हणाला, मुंबईला पाठवा, पावसाळ्यानंतर मिळेल. पावसाळ्यानंतर! इथे बायका दोन कोस पाणी आणत होत्या.

आणि आमचे रघुनाथराव भर मीटिंगमध्ये उभे राहिले. "मी घरी करतो." कोणी विचारलं होतं? कोणी नाही.

करतो म्हणजे कुठे? माझ्या स्वयंपाकघरात. कारण ओटा सपाट होता. माझ्या पोळपाटावर त्या टर्बोची आतडी काढून मांडली. रॉकेलचा वास दूध-दह्याला लागला. माझी जुनी लुगडी पुसायला गेली. काजळी खरवडायला त्याने माझं उलथनं नेलं, ते मी आजवर परत घेतलेलं नाही. चाक काढण्याआधी चाकावर आणि दांड्यावर एका रेषेत खूण केली, कारण बसवताना ते जसंच्या तसं बसलं नाही तर तोल जातो आणि सगळं फुटतं. एवढी अक्कल होती.

पण बुश? दांडा ज्यांत फिरतो ते पितळी बुश धुळ्याहून कातून आणले आणि पहिल्या वेळी घट्ट बसवले. घट्ट म्हणजे पक्कं, अशी समजूत. दांडा फिरवायला गेला तर हलेना! मी दळण घेऊन आले तेव्हा हा कपाळाला हात लावून बसलेला. म्हटलं, काय झालं रे? तर माझ्यावरच ओरडला. मग पुस्तक काढलं, वाचलं, आणि सांगतो कसा, "आक्का, हे सैलच लागतं. मधे तेलाला जागा लागते. दांडा तेलावर तरंगतो." जसं काही मीच घट्ट बसवले होते. पुन्हा धुळे, पुन्हा बुश. शेवटी दांडा बोटाने ढकलला की किंचित हलायचा, पण चाक कुठे घासायचं नाही. माझ्या तुपाच्या पळीने त्याने आत तेल पाजलं. मी म्हटलं, आता ती पळीही ठेव तुझ्याकडेच.

ते काम चांगलं होतं, मंडळी. हे मी बहीण म्हणून नाही सांगत. मी त्याचं कौतुक कधी केलेलं नाही, तो असता तर त्यानेच साक्ष दिली असती. पण मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आमच्या परसात हिरामणने ते इंजिन सकाळपासून दुपारपर्यंत चालवलं. हिरामण म्हणजे आपला यंत्र चालवणारा, तो बघा, पटांगणाच्या कडेला त्याच यंत्रापाशी उभा आहे. धूर नव्हता. होय की नाही रे, हिरामण?

मग मुहूर्त. इथेच, या पटांगणात. मांडव काय, पताका काय, पेढे काय! पाण्याचा पत्ता नाही आणि पेढे. रघुनाथ टेरिकॉटचा शर्ट घालून, केसाला तेल लावून उभा. आणि या शहाण्याने काय केलं? हवा आत जाते तिथला रबराचा पाइप आणि जाळी काढून ठेवली. का? तर लोकांना चाक फिरताना दिसावं! मी म्हटलं, उघडं कशाला ठेवतोस? "पूजा होऊ दे, मग लावतो." मिरवायचं होतं त्याला. हा त्याचा गाढवपणा. तो मी लपवणार नाही.

पूजा कोणी केली? नथ्थूभाऊंनी. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. इथवर ठीक. पण नुसती पूजा करून भागेल का? फोटोवाला आलेला जळगावहून! तेव्हा यंत्राला विडा द्यायचा. पान, वर अख्खी सुपारी, वर अक्षता. आणि तो विडा पाटावर ठेवायचा सोडून यांनी कुठे ठेवावा? त्या उघड्या तोंडात. अहो, देवालासुद्धा आपण विडा पुढ्यात ठेवतो, तोंडात कोंबत नाही! रघुनाथ तेव्हा फोटोवाल्यासाठी मान वळवून उभा. मी बायकांत, मागे. मला फक्त नथ्थूभाऊंचा हात आत गेलेला दिसला. मी हाका मारल्या, पण ताशा वाजत होता. आणि यांनीच हात वर केला, "चालू करा!"

पुढचं तुम्ही पाहिलंत. इंजिनाने जोर धरला, आत काहीतरी कडाडलं, शिटी वाजल्यासारखा आवाज झाला आणि काळ्या धुराने मांडव भरला. पेढे तसेच राहिले. आणि पहिला आवाज कोणाचा? "घरगुती कामं अशीच व्हायची!" नथ्थूभाऊ, तुमचाच ना?

संध्याकाळी पोळपाटावर तो टर्बो पुन्हा उघडला. चाकाची पाती दुमडलेली. आणि खोबणीत काय? सुपारीची भकलं. कुंकवाने लाल झालेले तांदळाचे तुकडे. जन्मभर तांदूळ निवडलेत मी, मला अक्षता ओळखता येत नाहीत? मी ते सगळं ताटलीत काढलं. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता चावडीवर.

आणि तेवढ्यात दारात कोण? नथ्थूभाऊ! चौकशीला आलेले. ताटली दिसली. चेहरा असा उतरला म्हणता! हात जोडून मला म्हणाले, "आक्का, हाई कोनले सांगू नको. गावमा मन्ही इज्जत शे."

ह्यांची इज्जत. रघुनाथची नव्हती वाटतं?

मी बोलणारच होते. पण रघुनाथनेच ताटली माझ्या हातातून घेतली. नथ्थूभाऊ गेल्यावर म्हणाला, "विडा त्याने टाकला. पण तोंड उघडं मी ठेवलं होतं, आक्का." बस्स. एवढंच. ह्या बढाईखोर माणसाला जन्मात एकदाच गप्प बसायची बुद्धी झाली, ती नेमकी तिथे! मी चिडले. चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याने स्वतःची चूक ओळखली आणि तिच्याखाली दुसऱ्याची झाकली. आणि दुसऱ्याने काय केलं? आपली झाकलेली आहे हे पाहून, गावभर त्याची सांगत फिरला. लग्नात सांगितली, बाजारात सांगितली. आज त्याच्या फोटोसमोर उभं राहून सांगितली. शी!

आणि तुम्ही बाकीचे? हसलात. कोणी एकाने तरी विचारलं, रे बाबा, परसात चाललेलं यंत्र मांडवात कसं फुटलं? नाही विचारलं. हसणं फुकटचं होतं.

ती "संधी" म्हणतात ना नथ्थूभाऊ, तीही ऐका. यंत्र सोसायटीने गोदामामागे लिंबाखाली टाकलं होतं. हा आणि हिरामण, दोघं गुपचूप तिथे जायचे. धुळ्याच्या भंगारात एक चाक मिळालं, ते घेऊन याने पुन्हा माझा ओटा अडवला. मुहूर्त नाही, मांडव नाही. पाइप, जाळी सगळं लावून, पहाटे या पटांगणात सुरू केलं. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. तो बघा हापसा. आज येताना तिथेच पाय धुतलेत ना तुम्ही? तिथलंच पाणी प्यालात ना? मग फुंकणीवाला हा शब्द त्या पाण्याबरोबर घशाखाली कसा उतरत नव्हता तुमच्या?

त्यानंतर हे यंत्र आजवर फिरतंय. मी त्याला विचारलं होतं, इतकं टिकलं कसं? तर म्हणाला, मी चालवणाऱ्याला एकच शिस्त लावली आहे. काम संपलं की इंजिन झटकन बंद करायचं नाही. हिरामणला घरी जायची घाई असायची, हा त्याचा हात धरायचा. "दोन मिनिट थांब. चाक आजून फिरी राहिनं." इंजिन बंद झालं की तेल थांबतं, पण तापलेलं चाक फिरतच असतं. तेलाशिवाय ते आतल्या आत जळतं. म्हणून आधी हळू चालवायचं, निवू द्यायचं, मग बंद.

गेल्या सोमवारी रघुनाथ जेवून उठला आणि ओट्याला टेकला. म्हणाला, आक्का, छातीत कसंतरी होतंय. मी पाणी आणेपर्यंत गेला. त्याला कोणी दोन मिनिटं दिली नाहीत. मलाही नाही. त्या दिवशी भाजीवरून मी त्याला बोलले होते, ते तसंच राहिलं.

आता चेअरमनसाहेब रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीला तुम्हाला दोन मिनिटं उभं करतील, घड्याळ बघतील आणि खाली बसवतील. ते राहू द्या. नथ्थूभाऊ, घड्याळ खिशात ठेवा. आज वेळ हिरामण धरेल.

उठा सगळे. टोप्या काढा.

हिरामण, यंत्र सुरू कर. जोर देऊ नकोस, हळूच. दोन मिनिटं निवू दे, मग बंद कर. इंजिन थांबलं म्हणून कोणी हलायचं नाही. त्यानंतर चाकाचा बारीक आवाज येत राहतो. माझा भाऊ तो ऐकत उभा राहायचा. तो आवाज पुरता थांबेपर्यंत तुम्ही उभे राहायचं. तुम्हीसुद्धा, नथ्थूभाऊ.

रघुनाथ, माझं झालं रे बोलून. येते मी घरी.

हं, हिरामण. कर सुरू.